तीन पावलं मागं

सुभेदार नानांच्या दिवसाला भांडण झालं. दुखवट्याची टोपी त्यांच्या पोराच्या डोक्यावर आधी कुणी घालायची, मामानं की सासऱ्यानं, यावरून मंडपात सरळ दोन पार्ट्या पडल्या. भटजी घड्याळ बघायला लागले, आचारी बुंदीवर झाकण ठेवून तंबाखू मळत बसला. अख्ख्या कुंडलात असल्या प्रश्नाचा निकाल देणारा एकच माणूस होता आणि तो त्या दिवशी हार घालून फोटोत बसला होता. फोटोतही चेहरा तसाच, क्रम चुकतोय आणि मला कुणी विचारत नाही असा. मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला आणि लोकांना वाटलं, बाई रडतायत. थोडी रडतही होते, खोटं कशाला बोलू.

मी गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवते आणि नानांचं घर आमच्या घराला लागून. आमची ओळख झाली ती खुर्च्यांवरून. मी नवीनच रुजू झालेली, आणि सव्वीस जानेवारीची तयारी हेडसरांनी माझ्या गळ्यात मारलेली. मी पटांगणात पाहुण्यांसाठी पंधरा खुर्च्या मांडल्या, दोरी लावून सरळ रेषेत. सकाळी सातला नाना आले. कडक इस्त्री, छातीवर मेडलं, पांढऱ्या मिशा. खुर्च्यांकडं त्यांनी असं बघितलं की मला वाटलं, खाली साप निघालाय.

"बाई, ही मांडणी कुणी केली?"

"मी केली."

"सरपंच हितं, सोसायटीचा चेअरमन मधी, आनी माजी सैनिक त्या टोकाला? तुमच्या घरात देव्हारा न्हाणीत हाय का?"

त्यानंतर अर्धा तास आम्ही खुर्च्या हलवत होतो. पोरं थंडीत कुडकुडत होती, सरपंच हातात दोरी धरून झेंड्याखाली उभे. शेवटी सगळा क्रम लागला तेव्हा पहिली खुर्ची नानांचीच निघाली. असा योगायोग मला पुढं बऱ्याचदा बघायला मिळाला.

फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून आलेला हा माणूस गावात मानपानाचा जाणकार म्हणून ओळखला जायचा. लग्नात फेटा आधी कुणाला बांधायचा, आत्याचा मान आधी का मावशीचा, व्याह्याच्या चुलतभावाला टॉवेल-टोपीवर भागवलं तर चालतं का, हे सगळं नाना तोंडपाठ सांगायचे. लग्नसराईत त्यांच्या ओट्यावर माणसं यायची ती डॉक्टरकडं यावीत तशी, तोंडं पाडून. नाना ऐकून घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. वर एक वाक्य ठरलेलं, "क्रम चुकला की राज्य बुडालं." कुठलं राज्य, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर संध्याकाळ गेली असती.

नानी वारल्या आणि घर गप्प झालं. मुलगा संजय शिरवळला कंपनीत. बापाला सोबत म्हणून त्यानं भिंतभर टीव्ही आणून बसवला. नाना त्यावर फक्त बातम्या लावायचे आणि बातम्या देणाऱ्याशी भांडायचे. एका संध्याकाळी मी दळण घेऊन चालले होते, तर खिडकीतून हाक आली.

"बाई, हिकडं या. ही कुठली मंडळी हायत?"

आत गेले. नाना चुकून रिमोटवर बसले होते आणि टीव्हीवर कोरियाचा राजदरबार भरला होता. केवढं तरी फरसबंदी पटांगण, त्यात लाल, निळ्या, हिरव्या झग्यांतली माणसं रांगा धरून उभी, आणि प्रत्येक रांगेच्या कडेला एकेक दगड रोवलेला. हिंदीत डब केलेलं, त्यामुळं फौजी कानाला सगळं समजत होतं.

"दगड बघितलं का?" नाना कुजबुजले. "ज्याचा जो दर्जा, त्यानं त्या दगडापाशी उभं ऱ्हायाचं. दगड रोवल्यात, बाई. भांडायचा प्रश्नच न्हाई." त्यांचे डोळे भरून आले होते. नानींच्या वेळी मी ते डोळे असे बघितले नव्हते.

दोन दिवस नाना तो इतिहास समजून बघत होते. तिसऱ्या दिवशी राजानं धान्यकोठीत काम करणाऱ्या एका पोरीकडं वळून बघितलं, मागं व्हायोलिन वाजलं आणि नानांना कळलं की आपण प्रेमकथेत अडकलोय. "आता ह्ये काय मधीच?" असं म्हणाले, पण टीव्ही बंद केला नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाचला हातपाय धुवायचे, पांढरी टोपी घालायची आणि ताठ बसून दरबार बघायचा, असं सुरू झालं. हळूहळू मी, माझ्या सासूबाई आणि समोरच्या दोघीजणी जायला लागलो. आम्हाला वयाच्या क्रमानं बसावं लागायचं. मी सगळ्यात धाकटी, म्हणून दाराजवळ, जिथून निम्मा टीव्ही दिसायचा.

त्या लोकांची नावं जिभेवर बसेनात म्हणून नानांनी सगळ्यांची बारशी घातली. राजा म्हणजे 'पोरगं'. त्याची सावत्र आजी, जी पडद्याआडून कारभार चालवायची, ती 'थोरल्या बाई'. पांढऱ्या दाढीचा कपटी प्रधान म्हणजे 'चेअरमन', हे नाव ऐकून सोसायटीचे खरे चेअरमन महिनाभर आमच्या गल्लीतून गेले नाहीत. नायिका 'कोठीवाली'. राजा आणि कोठीवाली एकांतात भेटली की नाना भिंतीकडं तोंड करून बसायचे.

"झालं का?"

"नाही अजून."

"राज्य कवा करतंय मग ह्ये?"

पण त्यांचा जीव जडला होता तो राजाच्या म्हाताऱ्या सेवकावर. त्याला त्यांनी 'हवालदार' केलं होतं. हिरवा झगा, दोन्ही हात बाह्यांत, मान खाली. राजा चालला की हा मागोमाग. "मोजा, बाई," नाना म्हणायचे, "तीन पावलं. ना कमी, ना जादा. ह्याचं नाव कोण पुकारत न्हाई, ह्याला कोण वाकून मुजरा करत न्हाई. पन ह्यो मागं हाय म्हणून पोरगं पुढं चालतंय."

"मग नाना, तुम्हाला काय व्हायला आवडेल? राजा का हवालदार?"

"आमी सुभेदार हाय," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

पुढं एका भागात चेअरमनचं कपट उघडकीला आलं. तर त्यानं काय करावं? डोक्यावरची टोपी काढली, राजवाड्याच्या दारात गवताची चटई अंथरली आणि गुडघे टेकून बसला. तीन दिवस बसला. वर बर्फ पडतोय आणि हा हलत नाही. कपटी असला तरी नाना त्याच्यावर खूश झाले. "ह्याला म्हंत्यात माफी," म्हणाले. "आपल्यात काय, फोनवर सॉरी म्हणायचं आनी पुढं चा प्यायचा." माझ्या सासूबाई पटकन म्हणाल्या, "आवं, काही जण तेवढंबी करत न्हाईत." नानांनी ऐकलं नाही असं दाखवलं, पण रिमोट धरलेली मूठ घट्ट झालेली मला दिसली.

सासूबाईंचा रोख कशावर होता, ते सगळ्या गावाला माहीत होतं. नानांना एकच बहीण. शालन, तासगावच्या बागायतदारांच्या घरात दिलेली, बेदाण्याचं शेड स्वतः चालवणारी. अकरा वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या लेकीचं, प्रियांकाचं लग्न होतं. नाना मुलीचे मामा. माइकवरच्या माणसानं पहिला फेटा पुकारला तो मामाचा नाही, कुठल्या तरी कारखान्याच्या संचालकाचा. दुसरा संचालकाच्या मेव्हण्याचा. तिसऱ्याला नानांचं नाव आलं तेव्हा नाना उठले आणि चालते झाले. पाच मिनिटांत पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात आणावं." मामा नव्हते. पोर बिचारी चुलत्याचा हात धरून बोहल्यावर चढली. त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं बंद. ना राखी, ना भाऊबीज. नानी गेल्या तेव्हा शालन आली, बायकांच्यात बसली, रडली आणि भावाकडं न बघता परत गेली.

आता धाकट्या लेकीचं, ऋतुजाचं लग्न ठरलं होतं. पत्रिका संजयच्या मोबाईलवर आली, त्यानं ती बापाला दाखवली. नानांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"मामाला बोलावणं मोबाईलवर?" ते म्हणाले. "कुंकू न्हाई, अक्षता न्हाई, घरी येऊन सांगणं न्हाई. मी न्हाई जायाचा. रीत म्हणून काय हाय का न्हाई?"

रीतीचं बोलायला गेलं तर त्यांचं बरोबर होतं. असल्या बाबतीत ते नेहमीच बरोबर असायचे, तीच तर अडचण होती.

दोन दिवसांनी मला ऋतुजाचा फोन आला. शाळेच्या एका शिबिरात तिची माझी ओळख झाली होती. "बाई, मामा येतील का हो? ताईच्या लग्नातला व्हिडिओ आमच्यात कुणी लावतच नाही. माझ्या वेळी तरी मामा पाहिजे. आई म्हणती, तो उठून गेलाय, त्यानंच यावं. आणि रोज पाचला ती कोरियन सिरीयल लावून बसती, राजा लवकर निर्णय घेत नाही म्हणून त्याला शिव्या देती." मी कपाळावर हात मारून घेतला. एका आईच्या पोटची दोन माणसं, मधे पंचवीस किलोमीटर, आणि रोज एकाच वेळी एकाच राजाला नावं ठेवत बसलेली. नानांना हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधी कुणी बघायला सुरुवात केली, यावरून नवीन मानपान निघालं असतं.

सिरीयल संपत आली होती. थोरल्या बाईंनी कोठीवालीला राजवाड्याबाहेर काढलं. ती वेशीबाहेर एका झोपडीत राहत होती, आजारी होती. राजानं फक्त दरवाजा ओलांडून जायचं होतं. पण राजानं कोठीवालीच्या दारात जायची रीत नव्हती. तिला रीतसर बोलावणं धाडायला थोरल्या बाईंची परवानगी नव्हती. एक भाग गेला, दोन गेले. पोरगं खिडकीत उभं राहून बर्फ बघतंय. तिसऱ्या दिवशी नाना खुर्चीतून निम्मे उठले.

"अरं जा की लेका. कोण बघतंय तुजा दर्जा? मरंल ती तिकडं, मग बस दगड कवटाळून."

आम्ही चौघी टीव्हीकडं बघत राहिलो, कारण नानांकडं बघायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी भाग अर्धा असताना टीव्ही बंद केला. आजवर असं झालं नव्हतं. "चला, दिवाबत्तीची वेळ झाली," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊला नाना इस्त्रीच्या कपड्यांत माझ्या दारात. "बाई, तासगावला बेदाणा आणायला जायाचं हाय. चला." आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात बेदाणा मिळतो, हे मी बोलले नाही. चप्पल घातली आणि निघाले.

तासगावला उतरल्यावर ते बाजाराकडं न वळता सरळ बहिणीच्या घराच्या वाटेला लागले. शालनआत्याच्या घरापुढं मोठं अंगण, पलीकडं बेदाण्याचं शेड, सावलीत दहा-बारा बायका बेदाणा निवडत बसलेल्या. ऊन चांगलंच तापलेलं. मला वाटलं, नाना हाक मारतील. त्यांनी एका बाईकडं रिकामं पोतं मागितलं. ते अंगणाच्या बरोबर मध्यावर, घराच्या दारासमोर अंथरलं. डोक्यावरची टोपी काढून पुढ्यात ठेवली आणि गुडघे टेकून बसले. पंचाहत्तरीतला माणूस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मी छत्री उघडून मागं उभी राहिले.

"बाई, मागं सरा," मान न वळवता ते म्हणाले. "तुमचा दगड तिकडं."

बायकांचे हात थांबले. कुणीतरी आत जाऊन सांगितलं आणि शालनआत्या पदराला हात पुसत दारात आली. भावासारखंच नाक, भावासारखंच ताठ उभं राहणं. तिनं पोतं बघितलं, टोपी बघितली, उघडं टक्कल बघितलं. मग म्हणाली, "चेअरमन तीन दिस बसलेला. तुजं किती दिसाचं ठरलंय?"

नानांनी दचकून वर बघितलं. "तूबी बघतीस?"

"मग? तुलाच टीव्ही हाय व्हय?"

"गुडघं हायत तवर बसतो."

"बस मग. माझं दूध तापायचं हाय."

आणि ती खरंच आत गेली. अर्धा तास आली नाही. मी घामानं निथळले, नानांचं टक्कल लाल झालं, पण माणूस हलला नाही. मला शालनआत्याचा राग आला आणि मग वाटलं, अकरा वर्षांपुढं अर्धा तास म्हणजे काय. ती आली तेव्हा हातात दोन कप होते. पोत्याच्या कडेला तीही बसली, तिथंच, उन्हात.

"बोल."

गावच्या शेकडो लग्नांचे निकाल देणारा माणूस पोत्याचा धागा ओढत बसला. "प्रियांकाला मामाबिगर मंडपात जावं लागलं," शेवटी म्हणाले. "एका फेट्यापायी. माजं चुकलं, शालन."

"पोरीनं दोनदा मागं वळून बघितलं तवा," आत्या म्हणाली. "मी बघत हुते."

"मला ठावं हाय. मी बाहीर जीपपाशी उभा हुतो. मला समदं दिसत हुतं."

"मग आत का आला न्हाईस?"

"कोण तरी बोलवाय यील म्हणून थांबलो."

शालनआत्यानं कप खाली ठेवला आणि भावाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. नानाही रडले. शेडमधल्या बायका रडल्या. मी छत्रीआड तोंड लपवून रडले, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही. मग आत्या उठून कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन आली, तिथंच भावाच्या कपाळाला कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. "ऋतुजाच्या लग्नाला यायचं, दादा. आता झालं का रीतसर? पन आदीच सांगते, व्याही लय मोठी मंडळी हायत. फेटा पहिला मिळंल का दहावा, माज्या हातात न्हाई."

"न्हाई मिळाला तरी चालंल," नाना म्हणाले.

त्यावर त्या अंगणात कुणाचाच विश्वास बसला नाही, माझाही नाही. मग नानांना उठवायचं आलं. चौघी बायकांनी मिळून उठवलं, तेव्हा "सावकाश, डावा पाय आधी" असा क्रम नानांनीच सांगितला. सिरीयलचा शेवटचा भाग त्यांनी बहिणीच्या घरी बसून बघितला. शेवटी काय झालं, विचारलं तर म्हणाले, "तुमच्या डोळ्यांनी बघा." मी अजून बघितलेला नाही.

लग्न एप्रिलच्या शेवटाला झालं. दुसऱ्याच दिवशी मी सुट्टीला माहेरी वाईला गेले आणि तिकडंच नाना गेल्याचा फोन आला, झोपेतच गेले म्हणून. त्यामुळं मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या मंडपात.

माइकवर यादी सुरू झाली. पहिला फेटा व्याह्यांच्या कुणा साहेबांचा. दुसरा, तिसरा, चौथा. नाना आतल्या खोलीच्या दाराशी ऋतुजाजवळ उभे होते, टोपीसुद्धा न घालता. सात नावं झाली, आठ झाली. ज्यांना मागचं लग्न आठवत होतं ते सगळे माना वळवून नानांकडं बघायला लागले. माइकवाल्यानं कागद उलटा केला, घड्याळ बघितलं आणि फेटे आवरते घेतले. नानांचं नाव आलंच नाही. लगेच पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात आणावं."

शालनआत्या बोहल्यापाशी उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला. दारात ऋतुजा आली. मामानं भाचीचा हात धरून आणायचं असतं. नानांनी तिचा हात सोडला. तिला पुढं जाऊ दिलं, एक पाऊल, दोन पावलं, तीन. मग दोन्ही हात सदऱ्याच्या बाह्यांत घातले, मान खाली घातली आणि तिच्या मागून चालायला लागले.

"नाना रुसल्यात वाटतं," माझ्या शेजारची बाई कुजबुजली.

बोहल्यापाशी शालनआत्या पदर तोंडाला लावून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धार लागली होती. ऋतुजानं दोनदा मागं वळून बघितलं. दोन्ही वेळा नाना तिथंच होते, तीन पावलांवर.